सत्तरीत पुन्हा सॅक्सोफोन: स्विंगच्या वादकांना यश इतक्या उशिरा का मिळालं?

ब्रिटिश जॅझ गायिका क्लिओ लेन जुलै २०२५ मध्ये वयाच्या ९७ व्या वर्षी गेल्या. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी ‘द लास्ट ऑफ द ब्लॉन्ड बॉम्बशेल्स’ या चित्रपटात काम केलं होतं. बीबीसी आणि एचबीओ यांनी २००० साली टीव्हीसाठी केलेला, अ‍ॅलन प्लेटर यांनी लिहिलेला हा संगीतमय विनोदी चित्रपट. ज्युडी डेंच यांनी त्यात एलिझाबेथ नावाच्या, नुकताच नवरा गेलेल्या आजींचं काम केलं आहे. दुसऱ्या महायुद्धात, ऐन तारुण्यात त्या लंडनमधल्या एका मुलींच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवत. पुढे संसार, मुलं, नातवंडं. आता नातीच्या शाळेतल्या नृत्याच्या कार्यक्रमासाठी जुन्या मैत्रिणींना शोधून बँड पुन्हा उभा करायचा, असा त्यांचा बेत. बँडचा ड्रमर मात्र पुरुष: सैन्यभरती चुकवण्यासाठी तो त्या काळी बायकांचे कपडे घालून मुलींमध्ये बसायचा.

चित्रपट हसवतो आणि शेवटी टाळ्या घेतो. पण तो बघितल्यावर साधे प्रश्न पडतातच. पन्नास वर्षांनी हे हात खरंच चालतील का? इतकं चांगलं वाजवणाऱ्या बायकांनी मुळात थांबवलं कशाला? ‘उतारवयात मिळालेलं यश’ असं आपण म्हणतो, तेव्हा उशीर नेमका कुणाकडून झालेला असतो? याची उत्तरं संगीताच्या इतिहासात आहेत, करांच्या कायद्यात आहेत आणि थोडी शरीरशास्त्रातही आहेत. म्हणून सुरुवातीपासून बघू.

स्विंग म्हणजे नेमकं काय?

स्विंग हा जॅझचा नाचता येईल असा प्रकार. त्याचा सुवर्णकाळ साधारण १९३५ ते १९४६. ऐकताना पाय आपोआप हलू लागतो, त्यामागे एक सोपी युक्ती आहे. एका ठोक्याचे दोन भाग करायचे, पण सारखे करायचे नाहीत. पहिला लांबवायचा, दुसरा आखडता घ्यायचा. एका मात्रेत तीन समान तुकडे कल्पा आणि पहिल्या स्वराला दोन, दुसऱ्याला एक द्या, म्हणजे त्याच्या जवळपास पोचाल. हे प्रमाण ठरीव नसतं. लय संथ असेल तर फरक जास्त, द्रुत झाली की दोन्ही स्वर जवळजवळ सारखे होतात. म्हणून स्विंग कागदावर पूर्ण उतरवता येत नाही. तो शेजारी बसून, ऐकून अंगात मुरवावा लागतो.

हे संगीत वाजवायचा तो ‘बिग बँड’, म्हणजे पंधराएक वादकांचा ताफा. ट्रम्पेटवाले, ट्रॉम्बोनवाले, सॅक्सोफोनवाले असे गट, आणि मागे पियानो, गिटार, डबल बास, ड्रम. एक गट सवाल टाकणार, दुसरा जबाब देणार. हे सगळं आधी लिहून ठेवलेलं असतं आणि मधल्या मोकळ्या जागेत एखादा वादक आपल्या मनचं वाजवतो. फ्लेचर हेंडरसन या कृष्णवर्णीय पियानोवादकाने ही मांडणी घडवली. त्याने लिहिलेल्या रचना बेनी गुडमन या गोऱ्या क्लॅरिनेटवादकाने अमेरिकाभर नेल्या. २१ ऑगस्ट १९३५ रोजी लॉस एंजलिसच्या पॅलोमार बॉलरूममध्ये गुडमनच्या बँडवर तरुण पोरं वेडी झाली. स्विंगयुग तिथून मोजायची पद्धत आहे. या तारखेत हेंडरसनचं नाव नसतं, हे मला फार खुपतं. कुणाच्या श्रमाला कुणाचं नाव लागलं हा प्रश्न या विषयात पुढेही येत राहतो.

पुढच्यासाठी यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. या बँडमधले बहुतेक लोक एकटे ओळखू येत नाहीत. गटातल्या तिसऱ्या ट्रम्पेटचं काम नेमकं आणि अवघड असतं, पण ते इतरांच्या आवाजात मिसळून जाण्यासाठीच असतं. बँड मोडला की अशा वादकाकडे एकट्याने कार्यक्रम करण्याइतकं नाव उरत नाही.

मुलींचे बँड आले कुठून?

पुरुष लढाईवर गेले. नाचाची हौस मात्र संपली नव्हती, उलट बॉम्बच्या भीतीखाली वाढली होती. ब्रिटनमध्ये लीड्सजवळच्या आयव्ही बेन्सन या सॅक्सोफोनवादक बाईंनी १९४० च्या सुमारास फक्त मुलींचा बँड उभा केला. उत्तर इंग्लंडच्या कारखानदार गावांत कामगारांचे ब्रास बँड घरोघरी माहीत होते. तिथे वडिलांकडून, भावांकडून शिकलेल्या मुली त्यांना मिळाल्या. १९४३ मध्ये बीबीसीने या बँडला आपला नेहमीचा नृत्यबँड म्हणून नेमलं, तेव्हा पुरुष बँडमालकांनी मोठी ओरड केली. प्लेटर यांचा काल्पनिक बँड याच वातावरणातला आहे.

अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या पायनी वुड्स या गरीब कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेत १९३७ मध्ये ‘इंटरनॅशनल स्वीटहार्ट्स ऑफ रिदम’ हा बँड निघाला. शाळेसाठी पैसे जमवणं हा मूळ हेतू. १९४१ मध्ये मुली शाळेपासून वेगळ्या झाल्या आणि व्यावसायिक झाल्या. ट्रम्पेटवर टायनी डेव्हिस, सॅक्सोफोनवर व्हाय बर्नसाइड, आणि पुढे उभं राहून बँड चालवणाऱ्या अ‍ॅना मे विनबर्न. दक्षिणेतल्या वर्णभेदाच्या कायद्यांमुळे त्यांना हॉटेलात खोली मिळत नसे, त्यामुळे त्या बसमध्येच झोपत. काळ्या आणि गोऱ्या मुलींनी एका रंगमंचावर बसणं गुन्हा ठरे, म्हणून बँडमधल्या गोऱ्या मुली चेहऱ्याला गडद रंग लावत. १९४५ मध्ये त्यांनी युरोपात अमेरिकी सैनिकांपुढे वाजवलं. १९४९ मध्ये बँड बंद झाला.

मग हे सगळं थांबलं का?

‘लोकांना कंटाळा आला’ हे उत्तर अर्धवट आहे. मुलींच्याच नव्हे, सगळ्याच मोठ्या बँडांच्या पायाखालची जमीन सरकली आणि त्याला पैशाची कारणं होती.

पहिलं कारण संप. अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने १ ऑगस्ट १९४२ पासून रेकॉर्डिंगवर बहिष्कार टाकला. रेकॉर्ड रेडिओवर आणि हॉटेलांत वाजू लागल्यामुळे प्रत्यक्ष समोर बसून वाजवणाऱ्या वादकांची कामं जात होती, त्याचा मोबदला मिळावा ही मागणी. मागणी रास्त होती. डेका कंपनीने १९४३ मध्ये तडजोड केली, पण कोलंबिया आणि व्हिक्टर या मोठ्या कंपन्या नोव्हेंबर १९४४ पर्यंत अडून बसल्या. या संघटनेत गायक नव्हते. कंपन्यांनी वाद्यांऐवजी माणसांच्या समूहगानाची साथ घेऊन गायकांच्या रेकॉर्ड काढल्या. लोकांच्या कानात दोन वर्षं गायकाचं नाव बसलं आणि बँड मागे पडला.

दुसरं कारण युद्धाची टंचाई. टायर आणि पेट्रोल रेशनवर. पंधरा माणसं आणि त्यांची वाद्यं गावोगाव न्यायची कशी?

तिसरं कारण कर, आणि याच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. १९४४ मध्ये अमेरिकेने खाणंपिणं आणि करमणूक एकत्र मिळणाऱ्या जागांवर आधी ३० टक्के आणि काही महिन्यांनी २० टक्के कर लावला. जिथे नाच किंवा गाणं आहे तिथे गिऱ्हाइकाच्या पूर्ण बिलावर कर. नुसतं वाद्यसंगीत असेल आणि कुणी नाचत नसेल तर माफी. मालकांनी काय केलं असेल, ओळखता येतं. नाचाची फरशी झाकली, टेबलं वाढवली आणि चार जणांचा छोटा जॅझ ताफा ठेवला. नाचासाठीचं संगीत आणि पंधरा माणसांचे पगार दोन्ही एकदमच महाग झाले. १९४६ च्या शेवटी काही आठवड्यांत गुडमन, वुडी हर्मन, हॅरी जेम्स, टॉमी डॉर्सी यांच्यासह अनेक नामवंतांनी आपले बँड मोडले.

मुंबईत दार वेगळ्या कायद्याने बंद झालं. तीसच्या दशकात ताजमहाल हॉटेलात टेडी वेदरफर्डसारखे अमेरिकी जॅझवादक वाजवत. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यामागून जे उभे राहिले ते बहुतांशी गोव्याचे. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये मेस्त्री, म्हणजे संगीतशिक्षक, लहानपणीच स्वरलिपी वाचायला शिकवत, आणि बिग बँडला हवी होती ती हीच गोष्ट. त्यांतलेच एक हळदोण्याचे ट्रम्पेटवादक आंतोनियो वाझ, म्हणजेच ‘चिक चॉकलेट’. १९५१ च्या ‘अलबेला’त सी. रामचंद्रांच्या, म्हणजे आपल्या पुणतांब्याच्या चितळकरांच्या, संगीतात जो स्विंग आहे त्यात वाझ यांचा हात आहे, आणि पडद्यावर त्यांचा बँडही दिसतो. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने क्लबांचं कंबरडं मोडलं. वादक चित्रपटांच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंकडे वळले. तिथे पैसे मिळाले, पण श्रेयनामावलीत नाव बहुधा संगीतकाराचंच राहिलं.

बायकांच्या बाबतीत आणखी एक थर होता. पुरुष परतले तेव्हा आहेत त्या थोड्या जागांवर त्यांना बसवण्यात आलं. लग्न झालेल्या बाईने रात्री बारापर्यंत बाहेर वाजवणं युद्धात देशसेवा होती, युद्धानंतर ती खोड ठरली.

पन्नास वर्षांनी बोटांना आठवतं का?

मेंदूत आठवणी एका जागी नसतात. काल काय जेवलो ही आठवण वेगळी आणि अंगवळणी पडलेल्या कृतीची आठवण वेगळी. या दुसरीला ‘क्रिया-स्मृती’ म्हणू. ती मेंदूच्या खोल भागातल्या केंद्रांवर आणि लहान मेंदूवर अवलंबून असते आणि फार चिवट असते. ब्रिटिश संगीतज्ञ क्लाइव्ह वेअरिंग यांना १९८५ मध्ये मेंदूचा विषाणूजन्य आजार झाला. तेव्हापासून नवी घटना त्यांना काही सेकंदांपलीकडे आठवत नाही, पण पियानो वाजवता येतो आणि गायकवृंदाला सूचनाही देता येतात.

पण क्रिया-स्मृती टिकली म्हणजे वादन टिकलं असं नाही. हात मोडून दोन महिने प्लास्टरमध्ये राहिलेल्या बाईने पुन्हा पोळपाट पुढे घ्यावा, तसं हे आहे. पोळी कशी फिरवायची ते हाताला पक्कं ठाऊक असतं, पण मनगटात जोर नसतो. पहिल्या काही पोळ्या वाकड्या होतात आणि चौथीला हात भरून येतो. तंत्र राहिलं, ताकद गेली.

फुंकवाद्यांत ही ताकद ओठांभोवतालच्या लहान स्नायूंत असते. वाद्याच्या तोंडावर ओठांची जी पकड बसते तिला वादक ‘अँबुशूर’ म्हणतात. ती काही आठवडे सोडली तरी ढिली होते. ट्रम्पेटमध्ये तर ओठच थरथरतात, आणि त्यांना मागून आधार असतो पुढच्या दातांचा. दात पडले, कवळी आली, की सगळं नव्याने बसवावं लागतं. सॅक्सोफोनमध्ये कंप पावते ती बोरूची पट्टी, त्यामुळे ओठांवरचा भार तुलनेने कमी. परतणाऱ्या आजीच्या हातात लेखकाने सॅक्सोफोन दिला आहे, हे शारीरिक दृष्टीने शहाणपणाचं आहे.

श्वासाचं गणित सरळ आहे. फुफ्फुसांची क्षमता पंचविशीच्या आसपास सर्वाधिक, मग हळूहळू कमी. छातीचा पिंजराही ताठर होतो. त्यामुळे लांब ओळ एका दमात होत नाही, ती तोडावी लागते. कानांचं दुखणं वेगळं. वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज जातात, आणि स्विंगमध्ये लय धरून ठेवणारी ड्रमवरची जोडझांज नेमकी त्याच पट्टीतली. बायकांचा आवाज रजोनिवृत्तीनंतर जाड होतो, खाली येतो.

म्हणजे सत्तरीतला वादक विशीतलं वाजवणं परत आणत नाही. तो कमी स्वरांत, तुटक ओळींत, जास्त मोकळ्या जागा सोडून वाजवतो. स्विंगला हे मानवतं, कारण त्याचा प्राण वेगात नसून लांब-आखूडच्या त्या हिशेबात आहे. माझं तर मत असं, की काही गाणी वयस्क आवाजातच पुरी होतात.

‘हे सिनेमातच घडतं’

अल्बर्टा हंटर यांचा जन्म १८९५ चा, मेम्फिसचा. विसाच्या दशकात त्यांनी गाणी लिहिली, रेकॉर्ड केली, १९२८ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर गायक-नट पॉल रोबसन यांच्याबरोबर काम केलं, महायुद्धात सैनिकांपुढे गायल्या. पन्नासच्या दशकात आई गेली आणि त्यांनी गाणं सोडून नर्सिंगचं शिक्षण घ्यायचं ठरवलं. प्रवेशासाठी वय बरंच कमी सांगितलं. न्यूयॉर्कच्या गोल्डवॉटर हॉस्पिटलमध्ये त्यांनी वीसएक वर्षं रुग्णसेवा केली. १९७७ मध्ये हॉस्पिटलने त्यांना निवृत्त केलं, कारण नोंदीप्रमाणे त्या सत्तरीच्या झाल्या होत्या. प्रत्यक्षात वय होतं ८२. त्याच वर्षी ग्रीनिच व्हिलेजमधल्या ‘कुकरी’ या हॉटेलात मालक बार्नी जोसेफसन यांनी त्यांना गायला बोलावलं. थोड्या दिवसांचा ठरलेला कार्यक्रम १९८४ मध्ये त्या जाईपर्यंत जवळजवळ चालूच राहिला.

दुसरं नाव डॉक चीथम. जन्म १९०५, नॅशव्हिल. तीसच्या दशकात कॅब कॅलोवेच्या प्रसिद्ध बँडमध्ये ते ट्रम्पेटच्या गटाचे म्होरके होते. म्हणजे अख्ख्या गटाला सुरात आणि लयीत धरून ठेवायची जबाबदारी त्यांची, पण एकल वादनाची संधी दुसऱ्यांना. साठीच्या आसपास त्यांनी स्वतःचं वादन टेपवर ध्वनिमुद्रित करून कठोरपणे ऐकायला सुरुवात केली आणि एकल वादक म्हणून स्वतःला नव्याने घडवलं. १९८० पासून न्यूयॉर्कच्या ‘स्वीट बेसिल’ क्लबमध्ये ते दर रविवारी दुपारी वाजवत, ट्रम्पेट वर आकाशाकडे रोखून. त्यांचं उत्तम वादन सत्तरीनंतरचं आहे असं जाणकार म्हणतात, आणि रेकॉर्ड ऐकल्यावर मलाही ते पटतं. १९९७ मध्ये, ९२ वर्षांना काही दिवस कमी असताना ते गेले. निकोलस पेटन या तरुण ट्रम्पेटवादकाबरोबरच्या त्यांच्या शेवटच्या अल्बममधल्या वादनाला पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळालं.

आणि स्वीटहार्ट्स? १९८० मध्ये कॅन्सस सिटीच्या महिला जॅझ महोत्सवात बँडमधल्या हयात वादक पुन्हा एकत्र आल्या. चित्रपटातला प्रसंग त्याआधी वीस वर्षं खरोखर घडून गेला होता.

‘लोक वयाला टाळ्या देतात, संगीताला नाही’

पहिल्या रात्री, हो. ऐंशी वर्षांची बाई उभी राहून गाते याचंच कौतुक असतं. पण नुसत्या कौतुकावर हंटर यांच्यासारखी सहा-सात वर्षं टेबलं भरत नाहीत. लोक तिकीट काढून दुसऱ्यांदा येतात ते गाण्यासाठी. चीथमना ग्रॅमी मिळालं ते एका एकल वादनासाठी, आयुष्यभराच्या कामगिरीचा सन्मान म्हणून नव्हे.

‘जिद्द असती तर थांबल्याच नसत्या’

आयव्ही बेन्सन थांबल्या नाहीत. त्यांनी १९८२ पर्यंत, चाळीसहून अधिक वर्षं बँड चालवला. मुली लग्न करून जात राहिल्या आणि त्या नव्या मुली शिकवत राहिल्या. पण त्या मालक होत्या, करार त्यांच्या नावावर होते. गटात बसलेल्या मुलीकडे जिद्द होती, करार नव्हता. हंटर यांचंही बघा. त्यांनी गाणं आपल्या मर्जीने सोडलं, हे खरंच. पण त्या परतल्या तेव्हा बोलावणारा एक माणूस आणि एक जागा हजर होती. गोव्याच्या कोंकणी गायिका लोर्ना कोर्देरो दोन दशकं गायल्या नाहीत आणि १९९५ मध्ये संगीतकार रॉनी मोन्सेरात यांच्यामुळे परत आल्या. तेव्हा त्या पन्नाशीच्या आत होत्या, म्हणजे हे म्हातारपण नव्हे, पण रीत तीच: गळा तयार होता, बोलावणं उशिरा आलं.

आपल्यापर्यंत पोचतात त्या परतलेल्यांच्या गोष्टी. ज्यांना कुणी बोलावलं नाही त्यांची नोंद नाही, आणि त्यांची संख्या कितीतरी मोठी असणार. म्हणून ‘उशिरा का होईना, कलेला न्याय मिळतोच’ हे वाक्य मला मान्य नाही. मिळाला तो मोजक्यांना, आणि तो कुणीतरी उठून दिला म्हणून मिळाला.

सिनेमाने काय सोपं करून दाखवलं?

सराव. चित्रपटात काही गमतीच्या फसलेल्या तालमी होतात आणि गाडी रुळावर येते. प्रत्यक्षात ओठांची पकड परत बसायला काही महिने लागतात, तेही रोज थोडं थोडं वाजवून. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटांवर थांबावं लागतं, नाहीतर ओठ सुजतात. ऐकू कमी येत असेल तर बोलण्यासाठी बसवलेलं श्रवणयंत्र संगीताचा आवाज वेडावाकडा करू शकतं, त्याची मांडणी कान तपासणाऱ्या तज्ज्ञाकडून वेगळी करून घ्यावी लागते.

आणि वाद्यही म्हातारं होतं. सॅक्सोफोनच्या भोकांवर बसणाऱ्या झडपांना आतून चामड्याच्या गाद्या असतात. वर्षानुवर्षं पेटीत पडून त्या कडक होतात, चिरतात, हवा निसटते आणि खालचे स्वर लागतच नाहीत. वाद्याच्या वरच्या वाकड्या नळीच्या टोकावरचा बुचाचा थर वाळून सुटतो. परत वाजवायला घेतलेल्या माणसाला वाटतं की आपलाच दम संपला. कुणाच्या घरी माळ्यावर असा जुना सॅक्सोफोन असेल आणि आजी-आजोबांनी तो पुन्हा हातात घ्यायचं म्हटलं, तर आधी दुरुस्ती करणाऱ्याकडे नेऊन गाद्या बदलून घ्या, बोरूच्या नव्या मऊ पट्ट्या आणा आणि मगच पहिला स्वर फुंकायला द्या.